दयाळाच्या चुका

सावरवेळच्या संगतघरात सकाळी नऊ वाजता पस्तीस मुलं बसली होती आणि त्यांतल्या चौतीस जणांना कुणालाही काहीही विचारायचं नव्हतं.

मालिनीबाई नागवेकर दाराशी उभ्या होत्या. ही खोली त्यांची. पंचवीस वर्षं त्यांनी इथे पहिली ते चौथीला शिकवलं होतं. फळा होता तिथे आता नुसता फिकट चौकोन उरला होता. आईबाप कामाला गेले की मुलांनी कुठेतरी एकत्र बसावं एवढ्यासाठी शाळेचं संगतघर झालं होतं, आणि बाईंचं पद झालं होतं 'सोबतीण'. वय अडुसष्ट. काम एकच, मुलांवर लक्ष ठेवायचं.

त्यांनी खिडकीतून बदामाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "तो काळापांढरा पक्षी कोण, सांगा बघू?"

"दयाळ," चौतीस तोंडांतून एकदम उत्तर आलं. "नर. विणीचा हंगाम मार्च ते जुलै. अन्न किडे. घरटं ढोलीत."

"आणि तो काय करतोय?"

"गातोय."

"माहीत आहे," कोपऱ्यातून कुणीतरी नम्रपणे जोडलं. हे 'माहीत आहे' ऐकलं की बाईंच्या कपाळावरची शीर उडायची. बावीस वर्षं उडत होती.

पस्तिसावी मुलगी मात्र खिडकीला नाक लावून उभी होती. जुई डोर्लेकर, पावणेसहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

"बाई, तो चुकतो का हो सारखा? शेवटाला आला की अडखळतो, मग पहिल्यापासून करतो. काल पण तिथेच अडला."

बाईंची शीर शांत झाली. त्यांनी मोडकं स्टूल खिडकीशी ओढलं. "ये, बस. तो गेल्या वर्षीचं पिल्लू आहे. अजून शिकतोय."

"कोण शिकवतं त्याला?"

"तो पलीकडे तारेवर बसलाय ना, मोठा? त्याचं ऐकतो, आपण म्हणून बघतो, पुन्हा ऐकतो."

"मग मोठा ओरडत नाही त्याला?"

"नाही गं. तो आपला गात राहतो."

जुई वेगळी होती, कारण तिला ठसा मिळालेला नव्हता. ठसा म्हणजे काय, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. पण आपण थोडं थांबून समजून घेऊ. समुद्री कासवाचं पिल्लू वाळूतून बाहेर येतं तेव्हा आई शेकडो मैल दूर गेलेली असते. त्याला कुणी काही शिकवत नाही. तरी ते बरोबर पाण्याकडे पळतं आणि महासागरात दिशा चुकत नाही. जन्मलेल्या किनाऱ्याची चुंबकीय खूण त्याच्या मेंदूवर उमटलेली असते. मादी असेल तर पंधरावीस वर्षांनी ती त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परतते. दयाळासारख्या गाणाऱ्या पक्ष्याचं उलटं. त्याला गळा जन्मतः मिळतो, गाणं मिळत नाही. मोठ्यांचं ऐकून, महिनोन्‌महिने बडबडून, चुकून ते जमवावं लागतं. ऐकायला कुणी मिळालंच नाही तर तो जन्मभर काहीतरी वेडंवाकडं गात राहतो. त्याच्या आयुष्यात शिकण्याचा एक हंगाम असतो. तो हंगाम संपला की संपला.

माणसाचं मूल तोवर दयाळाच्या वाटेने वाढत होतं. शास्त्रज्ञांनी त्याला कासवाची वाट दाखवली. पाचव्या वर्षी तीन दिवस नाकात एक फवारा मारायचा आणि डोक्यावर जाळीची टोपी घालायची. फवाऱ्याने मेंदूचा शिकण्याचा हंगाम सताड उघडतो. टोपीतून दहावीपर्यंतचं सगळं ज्ञान त्यावर उमटतं. चौथ्या दिवशी हंगाम मिटतो. मूल उठतं ते पाढे, व्याकरण, औषधं, कायदे घेऊनच. शिवाय प्रत्येक गावाला आपली चाळीस पानं जोडता येत. त्याला गावठसा म्हणत. गेल्या वर्षीच्या शिबिरात जुईला ताप होता म्हणून ती राहिली. पुढचं शिबिर आठ दिवसांवर आलं होतं.

त्या दिवशी साडेतीनला ओहोटीचं पाणी उतरलं आणि बाई नायलॉनचा दोर घेऊन निघाल्या. खाडीपलीकडच्या खारवाडीतली बारा मुलं रोज त्यांच्यासोबत उतारावरून घरी जात. उतार म्हणजे ओहोटीला खाडी पायी ओलांडता येते ती जागा. पूल चार मैलांवर होता. जुईचं घर अलीकडेच, पण तीही हौसेने काठापर्यंत येई.

काठाशी पोचताच मुलं शिस्तीत उजवीकडे वळली.

"डावीकडे!" बाई ओरडल्या. "निहाल, काल काय सांगितलं?"

निहाल खारवी, वय नऊ, रांगेत पहिला. तो थांबून अदबीने म्हणाला, "उतार बदललाय. आता डावीकडे, सुरूच्या झाडांसमोर."

"शाब्बास. मग कुठे जायचं?"

"उताराकडे," म्हणून तो उजवीकडे चालू लागला. मागून अकरा जण.

"अरे थांब! उजवीकडे पुरुषभर पाणी आहे. गेल्या आठवड्यात तू गळ्यापर्यंत गेला होतास, आठवतं?"

"आठवतं, बाई. पाणी नाकात गेलं होतं."

"मग?"

निहालने मान वर केली आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "असं बघा हं, देवळाचा कळस आणि फुटका खडक एका रेषेत आले, की तिथून चाळीस पावलं. कळलं का राजा?"

बाईंच्या अंगावर काटा आला. रोज येत असे. कारण ते वाक्य त्यांचंच होतं. 'असं बघा हं'सकट, 'कळलं का राजा'सकट. बावीस वर्षांपूर्वी गावठसा लिहायला गावाने त्यांनाच बसवलं होतं आणि त्यांनी जिवापाड काळजी घेऊन, वर्गात बोलतात तसं बोलून दिलं होतं.

त्याआधी सावरवेळचा उतार दरवर्षी हलायचा. पावसाळा संपला की गावातला सगळ्यांत म्हातारा तांडेल पोरांना घेऊन खाडीत उतरे. प्रत्येकाच्या हातात करंजाची काठी असे. टोचत टोचत नवा उतार सापडला की दोन्ही काठांवर झावळ्या रोवायच्या आणि गूळखोबरं वाटायचं. मग सरकारने दगडी बंधारा बांधला. खाडीचं मुख जखडलं गेलं, उतार चार वर्षं जागचा हलला नाही आणि सगळे म्हणाले, आता हा कायमचा. बाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी उताराची जागा ठशात घातली, काठ्या टोचायचं काही घातलं नाही. करंजाच्या काठ्यांवर मिरच्या वाळू लागल्या. तीन वर्षांपूर्वी वादळाने बंधाऱ्याचं टोक फोडलं आणि खाडी पुन्हा आपल्या मनाची झाली.

"निहाल, मी जिवंत आहे ना? ते वाक्य मीच सांगितलं होतं. आता मीच सांगते, ते चूक आहे!"

"हो, बाई," निहाल म्हणाला आणि पाण्यात पाऊल टाकलं.

बाईंनी त्याला दंड धरून ओढलं आणि त्याच्या गालावर मारलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता. निहाल रडला नाही. गाल चोळत म्हणाला, "मुलांना मारू नये, बाई. ते कायद्याने मना आहे."

"माहीत आहे," मागून अकरा जण म्हणाले.

बाईंनी बाराही जणांच्या कमरेला दोर अडकवला. एवढ्यात डावीकडून हाक आली. जुईने कुठूनशी एक काठी मिळवली होती आणि ती गुडघाभर पाण्यात उभी राहून टोचत होती. "बाई, इथे कडक लागतंय! कालच्यापेक्षा अजून चार पावलं सरकलाय!"

रात्रभर भरतीने वाळू हलवली होती. ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

शिबिराची तयारी करायला डॉक्टर उन्मेष केतकर दोन दिवस आधी आला. आता अठ्ठेचाळीस वर्षांचा, ठसा संस्थेचा उपसंचालक. चाळीस वर्षांपूर्वी तो याच खोलीत तिसऱ्या बाकावर बसायचा. बावीस वर्षांपूर्वी गावठशासाठी बाईंना राजी केलं ते त्यानेच. तो पाया पडला, ओट्यावर बसला आणि आंबोळीचा तुकडा मोडत हसला.

"बाई, सातच्या पाढ्याला तुम्ही माझे दोन महिने घेतले होते. आता आम्ही पाव सेकंद घेतो."

"सात आठे?"

"छप्पन्न." मग तो गडबडला. "नाही, बरोबर आहे. छप्पन्नच."

"बघ. अजून क्षणभर थांबून तपासतोस. तेच दोन महिने होते ते." बाईंनी चटणी वाढली. "उन्मेष, ही मुलं तपासत नाहीत. नवं सांगितलेलं ऐकतात, लक्षातही ठेवतात. पण जुन्याच्या विरुद्ध असलं, की ते त्यांच्या पायांपर्यंत पोचत नाही. असं का?"

उन्मेषने ताट बाजूला ठेवलं. "हंगाम मिटतो ना, बाई. मोठ्या माणसाच्या मेंदूतही जुनं ज्ञान थोडं ओलं राहतं, कारण ते चुकत चुकत आलेलं असतं. प्रत्येक बरोबर उत्तराशेजारी चार चुकीची उत्तरं चिकटलेली असतात. दुरुस्ती करायला तिथून धरता येतं. ठशात चुका नसतात. धरायला कोपराच नाही."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"अहवालात होतं. एका परिच्छेदात. वाटलं, बरोबरच असलेलं बदलायची वेळ कशाला येईल?"

"कासव आणि दयाळ. तूच मला ते उदाहरण दिलं होतंस. म्हणाला होतास, कासव शहाणं जन्मतं."

"जन्मतंच."

"उद्या उजाडताना ये माझ्याबरोबर."

सकाळी झुंजुमुंजू झालं तेव्हा तिघं किनाऱ्यावर होती. जुईही आली होती. बंधाऱ्याच्या पायथ्याशी एक कासवीण होती. बाईंना ती चार दिवस रोज पहाटे दिसत होती. वल्ह्यांसारख्या पायांनी वाळू लोटत ती पुढे सरकायची, दगडाला डोकं लागायचं, मागे व्हायची, पुन्हा त्याच दगडाशी जायची. मागे तिच्या फेऱ्यांनी वाळूत चर पडला होता. दोनशे पावलांवर मऊ, मोकळी वाळू पसरली होती.

"बंधाऱ्याआधी जन्मली असेल," उन्मेष हळू आवाजात म्हणाला. "तिची जागा दगडांच्या खाली आहे."

"तिला सांगत का नाही कुणी?" जुईने विचारलं.

"तिला सांगता येत नाही, बाळा."

"मग तिच्या पोरांना सांगू या. ती अजून अंड्यात आहेत."

उजेड वाढला तशी कासवीण वळली, पाण्यात गेली आणि अंडी न घालता नाहीशी झाली. नंतर ओहोटीला उन्मेषने काठावर उभं राहून निहालचं वाक्य ऐकलं, बारा मुलांना दोरात ओढताना बाईंचे फुगलेले हात पाहिले आणि तो खाली बसला.

"जुईला देऊ नकोस," बाई म्हणाल्या. "एक तरी राहू दे. माझ्यामागे दोर धरायला कुणीतरी लागेल."

"ते मी नाही ठरवत, बाई. तिचा बाप ठरवतो."

जुईचा बाप गजानन डोर्लेकर होडीच्या तळाला रंग देत होता. त्याने बाईंना बसायला पाट दिला, पण कुंचला खाली ठेवला नाही.

"बाई, तुम्ही सांगता ता समदा खरा. उतार हललाय, पोरां ऐकत नायत. पण मी माझ्या पोरीला एकटीला अडाणी ठेवू?"

"अडाणी नाही रे, ती शिकेल. मी शिकवेन."

"तुमचा वय काय?"

बाईंनी पाटावर दुखरा गुडघा लांब केला.

"तसा नाय म्हणत. पण शाळा नाय, पुस्तका नायत, दवाखान्यातला कागद हातात देताना पण लोका धरूनच चालतात की तुम्हाला सगळा म्हायत. तुम्ही दहा वर्षां शिकवाल. त्यात अर्धा होईल. मग? गावात हिच्याशी बोलणार कोण? काय विचारलान, की समोरचा म्हणणार, म्हायत आहे. ही कुणाला विचारणार?"

बाईंना तारेवरचा मोठा दयाळ आठवला. पिल्लाला शिकायला तो लागतोच. तोच नसेल, तर हंगाम उघडा ठेवून तरी काय उपयोग? गजाननचं म्हणणं त्यांना खोडता येईना, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

घरी येताना त्यांना युक्ती सुचली. त्या तडक उन्मेषकडे गेल्या. "गावठसा बदलता येतो ना? नव्या मुलांसाठी?"

"तुम्ही लिहून द्या, मी शब्द न्‌ शब्द घालतो. मुलं तुमचं ऐकतील, बाई. ठशातली तुम्ही त्यांना जिवंत तुमच्यापेक्षा खरी वाटता."

ती रात्रभर बाई कागद घेऊन बसल्या. उताराची जागा त्यांनी लिहिलीच नाही. एकदा हात पोळला होता. किती ओळी लिहिल्या, किती खोडल्या. शेवटी तीन वाक्यं उरली: 'असं बघा हं, उतार दरवर्षी हलतो. म्हणून पाण्यात पाय टाकण्याआधी काठी टोचून पाहायची. कळलं का राजा?' त्यांनी ती मोठ्याने वाचून पाहिली. पंचवीस वर्षांत इतका चांगला धडा आपण लिहिला नव्हता, असं त्यांना वाटलं.

शिबिराच्या सकाळी जुई करंजाची काठी घेऊनच आली. टोपी घालताना तिने उन्मेषला एकामागून एक विचारलं: टोपीला भोकं का आहेत, कासवीण पुन्हा येईल का, आणि ठसा झाल्यावर मला माझे आत्ताचे प्रश्न आठवतील का? पहिल्या दोनांची उत्तरं त्याने दिली.

पाचव्या दिवशी जुई संगतघरात आली. आता छत्तीस मुलं होती. जुईबरोबर आणखी एकाला ठसा मिळाला होता. ती नीट मांडी घालून बसली. बाईंनी खिडकीकडे पाहिलं नाही. त्या ओहोटीची वाट बघत होत्या.

उन्मेषही काठावर आला होता. त्याची बोट संध्याकाळची होती. जुन्या मुलांना दोरात अडकवून बाई मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जुई, तू पुढे हो. आम्हाला ने."

जुई काठी घेऊन निघाली. ती उजवीकडे वळली नाही. बाईंनी उन्मेषचा हात घट्ट दाबला. जुई काठाच्या अगदी जवळच्या जागी थांबली, दोन्ही हातांनी काठी पाण्यात टोचली आणि वाकून पाहिलं. काठी मुठीपर्यंत आत गेली. तिने ती बाहेर काढली, पाणी झटकलं आणि त्याच जागी पाय टाकला.

बाई धावल्या. जुई गळ्यापर्यंत गेली असताना त्यांनी तिची वेणी पकडली आणि तिला चिखलात ओढून काढलं.

"काठी किती बुडाली?"

"सगळी," जुई खोकत म्हणाली.

"तळ लागला?"

"नाही लागला, बाई."

"मग पाय का टाकलास?"

जुईने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. तिच्या पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं. "पाय टाकण्याआधी काठी टोचून पाहायची. मी पाहिली."

"आणि पाहिल्यावर काय करायचं, गं?"

जुईने काठी बाईंसमोर धरली. तिला उत्तर आठवत नव्हतं असं नाही. तसं काही सांगितलेलंच नव्हतं. बारा दिवसांपूर्वी ती गुडघाभर पाण्यात उभी राहून कुणी न सांगता जे करत होती, ते बाईंनी वाक्यात लिहायचं राहून गेलं होतं. त्यांना ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं.

उन्मेष घाईघाईने खाली आला. त्याने खिशातून वही काढली. "बाई, काळजी करू नका. एक ओळ वाढवायला हवी. तळ लागला नाही तर दुसरीकडे टोचायचं. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी सुधारून घेतो."

"आणि दुसरीकडे म्हणजे किती पावलांवर, उन्मेष? आणि तिथेही नाही लागला तर? आणि खाडीऐवजी दुसरंच काही हललं तर?"

"तेही लिहू," तो म्हणाला आणि लिहू लागला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला ठसा नव्हता. त्याला तर त्यांनी स्वतः शिकवलं होतं.

त्यांनी जुईच्या कमरेला दोर बांधला. तेरावी गाठ. काठी आपल्या हातात घेतली आणि त्या डावीकडे, सुरूच्या झाडांसमोर पाण्यात शिरल्या. कालच्या जागी तळ लागला नाही. सहा पावलं पुढे गेल्या, मग मागे आल्या. गुडघे दुखत होते. मागे बारा आवाज एका सुरात सांगत होते की कळस आणि फुटका खडक एका रेषेत आले, की चाळीस पावलं, आणि दोर सारखा उजवीकडे खेचला जात होता.

सुरूच्या फांदीवर दयाळ बसला होता. बाई टोचता टोचता थांबल्या.

"जुई, ऐक. आज त्याला जमलं का गं?"

"काय, बाई?"

"गाणं. रोज शेवटाला अडखळायचा ना? तूच सांगितलं होतंस."

"दयाळ," जुई म्हणाली. "नर. विणीचा हंगाम मार्च ते जुलै. पक्षी चुकत नाहीत, बाई. तो त्याचा आवाज आहे."

फांदीवर दयाळ शेवटाशी आला, अडखळला, क्षणभर गप्प बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बाईंनी वळून पाहिलं. तेरा मुलांपैकी कुणीही मान वर केली नव्हती. जुईने दोराचं आपलं टोक दोन्ही हातांनी नीट धरलं होतं आणि बाई जिथे नेतील तिथे जायला ती तयार होती.